आयोडाइडच्या गोळ्या भांडारात ठेवाव्यात की आधीच घराघरात द्याव्यात?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. अणुवीज केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आत सुमारे ४० हजार लोकवस्ती आहे, अणुअपघाताच्या वेळी द्यायच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांचा साठा सांभाळण्याची जबाबदारी नव्याने तुमच्याकडे आली आहे, आणि तो साठा मध्यवर्ती औषध भांडारात ठेवावा की आधीच घरोघर वाटून टाकावा, हे तुम्हाला ठरवायचे आहे. शिवाय हाती असलेल्या जुन्या गोळ्यांची मुदत पुढच्या वर्षी संपत असल्याने त्यांचे काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. औषधनिर्माता म्हणून मी आपत्कालीन साठ्यांचे काम सुमारे वीस वर्षे केले आहे आणि या दोन्ही प्रश्नांवर चुकाही केल्या आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

'कुठे ठेवावा' या प्रश्नाच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर आधी शोधले तर साठ्याची जागा बऱ्याच अंशी आपोआप ठरते. आदेश निघाल्यापासून तुमच्या हद्दीतील सर्वांत लहान मुलाच्या तोंडात गोळी जाईपर्यंत किती वेळ लागतो? कोणत्याही योजनेचा कागद हातात आला की मी प्रथम हा आकडा शोधतो, आणि बहुतेक कागदांत तो सापडत नाही. पेट्यांची संख्या असते, बॅच क्रमांक असतात, भांडारपालाची सही असते, पण तासांचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

तासांना इतके महत्त्व का, हे या औषधाच्या कामाच्या पद्धतीतच आहे. अणुभट्टीच्या गंभीर अपघातात बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत आयोडीन-१३१ असते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, सुमारे ८ दिवसांचा असतो आणि ते श्वासावाटे किंवा दूषित अन्नातून, विशेषतः दुधातून, शरीरात जाते. थायरॉइड ग्रंथीला साधे आयोडीन आणि किरणोत्सर्गी आयोडीन यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही सारख्याच ओढीने शोषून घेते. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरून टाकली, तर नंतर आलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनला तिथे जागा मिळत नाही आणि त्यातले बहुतेक लघवीवाटे निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोळी घेण्याची उत्तम वेळ किरणोत्सर्गी आयोडीनशी संपर्क सुरू होण्याच्या आधीच्या २४ तासांपासून तो सुरू झाल्यानंतरच्या २ तासांपर्यंत असते. ८ तासांपर्यंत ती दिली तरी बऱ्यापैकी उपयोग होतो. मात्र २४ तास उलटून गेल्यावर दिलेली गोळी फायद्यापेक्षा तोटा अधिक करू शकते, कारण ग्रंथीत आधीच साठलेले किरणोत्सर्गी आयोडीन तिच्यामुळे तिथेच अधिक काळ अडकून राहते. उशिरा पोहोचलेला साठा केवळ वाया जात नाही, तो अपायही करू शकतो, हे नियोजन करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

आता हा हिशेब मध्यवर्ती भांडाराला लावून पाहा. काही वर्षांपूर्वी आम्ही एक सराव घेतला होता. आदेशाचा फोन सकाळी आला. भांडाराची किल्ली ज्यांच्याकडे असे ते रजेवर होते आणि दुसरी किल्ली ज्या कपाटात होती त्या कपाटाची किल्ली पहिल्याच किल्लीच्या जुडग्यात होती. कुलूप उघडेपर्यंत ५० मिनिटे गेली. मग पेट्या मोजून, गावनिहाय वेगळ्या करून, पावत्यांवर सह्या घेऊन गाडीत चढवायला दोन तास लागले, कारण पेट्या गावनिहाय बांधून ठेवण्याचे कोणालाही सुचले नव्हते. पहिली गाडी निघाली तेव्हा सरावासाठी ठरवलेली, केंद्रातून किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडण्याची (उत्सर्जनाची) वेळ होऊन गेली होती. शिवाय रस्ते मोकळे होते, वीज होती, फोन लागत होते, आणि गाडीचालक आपल्या मुलाबाळांना घेऊन उलट दिशेने निघालेला नव्हता. खऱ्या प्रसंगी या चारही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातात मार्च २०११ मध्ये जे घडले ते याहून बोलके आहे. गोळ्या नव्हत्या असे नाही. अनेक नगरांकडे साठा होता. आदेश कोणी द्यायचा याची साखळी मात्र मधेच तुटली. केंद्रीय यंत्रणेची सूचना १६ मार्चला निघाली, तेव्हा २० किलोमीटरच्या आतले बहुतेक रहिवासी आधीच बाहेर पडलेले होते. प्रकल्पापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मिहारू या छोट्या नगराने मात्र वाऱ्याची दिशा पाहून १५ मार्चला स्वतःच्याच निर्णयाने चाळिशीच्या आतील रहिवाशांना गोळ्या वाटल्या. प्रांतिक अधिकाऱ्यांनी त्या परत घ्यायला सांगितल्या, तरी नगराने त्या परत घेतल्या नाहीत. नगराने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन केले ते योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्यापुरते मी एवढेच टिपून ठेवले आहे की साठा जवळ असल्यामुळेच त्यांना तो निर्णय घेता आला.

याच्या उलट उदाहरण म्हणून पोलंडचे नाव नेहमी घेतले जाते. चेर्नोबिल अणुवीज केंद्रातला स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. सोव्हिएत यंत्रणेकडून माहिती मिळत नसतानाही पोलंडने २९ एप्रिलपासून आयोडाइडचे द्रावण वाटायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना ते पाजले. इतके मोठे वाटप मध्यवर्ती पद्धतीने होऊ शकते, हे यावरून दिसते. परंतु हा दाखला देताना लोक अंतर विसरतात. पोलंड घटनास्थळापासून शेकडो किलोमीटर दूर होता, ढग तिथे पोहोचायला वेळ लागला, आणि मुलांच्या दुधावर निर्बंध घालण्याचा निर्णयही सोबतीला होता. तुमची वस्ती १६ किलोमीटरच्या आत आहे. पोलंडकडे जेवढा वेळ होता त्याचा अंशही तुमच्याकडे असेल असे धरून चालता येणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे की जवळच्या पट्ट्यात गोळ्या आधीच घरात असाव्यात, शाळा आणि रुग्णालयांत स्वतंत्र साठा असावा, आणि मध्यवर्ती भांडाराकडे राखीव साठ्याचे काम असावे. मात्र हे प्रमाण कसे ठेवायचे ते परिस्थितीवर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात मोठ्या अणुभट्ट्यांभोवती ३ ते ५ किलोमीटरचा एक आतला पट्टा आणि १५ ते ३० किलोमीटरचा एक बाहेरचा पट्टा धरतात. आतल्या पट्ट्यात उत्सर्जन होण्याची वाट न पाहता, केंद्रातली स्थिती बिघडताच कृती करायची असते; बाहेरच्या पट्ट्यात मोजमापे आणि हवामान पाहून करायची असते. जपानने २०११ नंतर साधारण हीच विभागणी स्वीकारली, म्हणजे ५ किलोमीटरच्या आत आधीच वाटप आणि ३० किलोमीटरपर्यंत प्रामुख्याने साठे. फ्रान्सने आधी १० किलोमीटरपर्यंत चालवलेली वाटपाची मोहीम २०१९ मध्ये २० किलोमीटरपर्यंत नेली. स्वित्झर्लंड ५० किलोमीटरच्या आतील प्रत्येकाला गोळ्या घरी पाठवतो. यांपैकी कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, असा निवाडा करता येत नाही. रस्ते किती आहेत, वस्ती दाट आहे की विखुरलेली, वारा बहुधा कोणीकडून वाहतो आणि लोकांना बाहेर काढायला किती वेळ लागेल, यावर ते ठरते. तुमच्या हद्दीतून बाहेर पडण्याचा रस्ता एकच असेल, तर मी घरच्या वाटपाची मर्यादा ५ किलोमीटरवर न थांबवता पूर्ण १६ किलोमीटरपर्यंत नेईन.

घरोघर वाटपाच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात, कारण तुमचे वरिष्ठ त्याच पुढे करतील आणि त्यात तथ्य आहे. फ्रान्समध्ये लोकांना पत्र पाठवून औषध दुकानातून गोळ्या मोफत नेण्यास सांगितले, तेव्हा सुमारे निम्म्याच लोकांनी त्या नेल्या. ज्यांनी नेल्या त्यांच्यापैकी कितीजणांना पाच वर्षांनी त्या घरात सापडतील, हा पुढचा प्रश्न आहे. लोक घरे बदलतात, भाडेकरू येतात-जातात, मुले जन्मतात. एका घरी पाहणीला गेलो असता एका आजींनी आमच्या गोळ्यांचे पाकीट मधुमेहाच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवलेले आढळले. रोज एक घ्यायची असावी असे समजून त्यांनी दोन घेतल्याही होत्या. सुदैवाने काही झाले नाही. चूक त्यांची नव्हतीच. आमच्या पाकिटावर बारीक अक्षरांत संपूर्ण घटकसूची होती आणि 'सूचना मिळेपर्यंत घेऊ नये' हे वाक्य मागच्या बाजूला होते. तेव्हापासून हे एक वाक्य पाकिटाच्या दर्शनी भागावर, सर्वांत मोठ्या अक्षरांत छापण्याचा आग्रह मी धरतो. मात्रा मागच्या बाजूला चालते, कारण ती वाचण्याची वेळ नंतर येते.

माझ्या अनुभवात टिकाऊ ठरलेली पद्धत अशी आहे: पाकीट टपालाने पाठवू नये, हाती द्यावे, आणि ते देताना घरातल्या एका व्यक्तीकडून ते कुठे ठेवणार हे तोंडी वदवून घ्यावे. त्यानंतर दरवर्षी एखाद्या ठरलेल्या कामाच्या निमित्ताने, उदाहरणार्थ लसीकरणाच्या फेरीत, 'पाकीट दाखवा' एवढेच विचारावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणत्याही अहवालात ते चमकत नाही. तरीही याच फेरीतून आम्हाला कळले की एका वसाहतीत नव्याने राहायला आलेल्यांपैकी कोणाकडेच गोळ्या नव्हत्या, कारण आमची यादी आधीच्या रहिवाशांची होती.

शाळांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो. या औषधाची सर्वाधिक गरज मुलांना आहे. त्यांची ग्रंथी वाढीला लागलेली असते आणि चेर्नोबिलनंतर थायरॉइडच्या कर्करोगाचा जो भार आला तो प्रामुख्याने त्या काळी लहान असलेल्यांवर आला. ती मुले कामाच्या दिवशी सहा-सात तास घरी नसतात. घरातले पाकीट त्या वेळेत त्यांच्या उपयोगाचे नाही, आणि पालक ते घेऊन शाळेकडे धावले तर स्थलांतराच्या रस्त्यावर गर्दीत आणखी भर पडते. त्यामुळे शाळेत पटसंख्येइतका आणि शिक्षकांना पुरेल इतका साठा हवा, आणि पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घेतलेली हवी. संमतीपत्रात 'आयोडीनची किंवा थायरॉइडची काही तक्रार आहे का' हा एक प्रश्न असावा. आदेश आल्यानंतर मुख्याध्यापकांनी पालकांना एकेक फोन करून विचारायचे ठरवले, तर वर सांगितलेले दोन तास तिथेच संपतील. किल्ली किमान तिघांकडे असावी आणि त्यांतली एक व्यक्ती अशी असावी जी सुट्टीच्या दिवशीही आवारात असते, जसे की पहारेकरी.

आता साठ्याच्या आकड्याकडे येऊ. मात्रा जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार ठरवून दिलेली आहे: १२ वर्षांवरील सर्वांना १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, एक महिना ते ३ वर्षांपर्यंत ३२ आणि एक महिन्याच्या आतील बाळांना १६ मिलिग्रॅम. १३० आणि ६५ मिलिग्रॅमच्या अशा दोन्ही गोळ्या मिळतात. निवड तुमच्या हाती असेल तर ६५ मिलिग्रॅमची, चार भाग करण्यासाठी खाचा असलेली गोळी घ्या. मोठ्यांना दोन, मुलाला एक, असे सांगणे सोपे जाते आणि एकाच प्रकारच्या पेट्या ठेवाव्या लागतात. समजा तुमच्या ४० हजारांत १२ वर्षांवरचे ३१ हजार, ३ ते १२ वर्षांची मुले ७ हजार आणि त्याहून लहान २ हजार आहेत. मोठ्यांसाठी ६२ हजार गोळ्या, मुलांसाठी ७ हजार, आणि सर्वांत लहानांसाठी अर्धी-पाव गोळी लागत असली तरी हिशेबात प्रत्येकी एक धरून २ हजार, म्हणजे ७१ हजार गोळ्या झाल्या. हा आकडा रात्रीच्या लोकसंख्येचा आहे. दिवसा कामाला येणारे, वाटसरू, रुग्णालयात दाखल असलेले आणि शाळेतील मुले यांची गणना वेगळी करावी लागते, आणि त्यातली बरीच माणसे दोनदा मोजली जातात. ती तशीच मोजली जाऊ द्या. एकाच मुलासाठी घरी आणि शाळेत अशा दोन ठिकाणी गोळी असणे हा अपव्यय नाही. हरवलेली पाकिटे आणि राखीव साठा धरून मी मूळ आकड्याच्या दीडपट ते दुप्पट खरेदी सुचवतो. इतर अनेक आपत्कालीन औषधांच्या तुलनेत हे औषध स्वस्त आहे. महाग पडतो तो ते पोहोचवण्याचा खर्च.

एका मात्रेचा परिणाम साधारण एक दिवस टिकतो, आणि बहुतेक प्रसंगी एकच मात्रा पुरते, कारण त्या अवधीत लोकांना बाहेर काढणे अपेक्षित असते. किरणोत्सर्गी आयोडीनशी संपर्क लांबला आणि बाहेर काढणे शक्य झाले नाही, तर पुन्हा द्यायची की नाही ते अधिकाऱ्यांनी ठरवायचे असते. नवजात बाळे, गर्भवती आणि स्तनदा माता आणि ६० वर्षांवरील व्यक्ती यांना पुन्हा मात्रा देऊ नये, असे सूचना सांगतात. साठा अपुरा पडलाच तर क्रम आधीच लिहून ठेवा: प्रथम बाळे, मुले, गर्भवती आणि स्तनदा माता, मग तरुण, आणि चाळिशीपुढचे शेवटी. चाळिशीनंतर किरणोत्सर्गामुळे थायरॉइडचा कर्करोग होण्याचा धोका बराच कमी होतो आणि औषधाच्या दुष्परिणामांची शक्यता मात्र वाढते. हा क्रम आणीबाणीच्या वेळी रांगेसमोर उभे राहून ठरवायचा झाला तर तो पाळला जात नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

बाळांना गोळी द्यायची कशी, हा प्रश्न प्रत्येक सभेत एखादी आई विचारते आणि उत्तर देताना आमच्यातलेच काहीजण अडखळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेली पद्धत सोपी आहे. ६५ मिलिग्रॅमची गोळी बारीक कुटून तीत चार चमचे पाणी घालून विरघळवायची आणि चव झाकण्यासाठी चार चमचे दूध किंवा फळांचा रस मिसळायचा. या मिश्रणाच्या ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण ८ मिलिग्रॅम औषध येते. म्हणजे नवजात बाळाला दोन चमचे आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चार चमचे. चव खारट-कडवट असते, त्यामुळे रस घालणे हा लाड नाही. मूल थुंकून टाकते तेव्हा मात्रा किती गेली हे कोणालाच सांगता येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधातून पुरेसे मिळेल असे धरू नये, दोघांनाही आपापली मात्रा द्यावी. नवजात बाळांची थायरॉइडची तपासणी नंतर आवर्जून करावी लागते, कारण जास्तीच्या आयोडीनने त्यांची ग्रंथी काही काळ मंदावू शकते. पोलंडमध्येही काही नवजात बाळांत असा तात्पुरता बदल दिसला होता. म्हणून ज्या बाळांना औषध दिले त्यांची यादी ठेवणे आवश्यक आहे, बाकी कोणाची राहिली तरी चालेल.

कोणाला देऊ नये, याची यादी लहान आहे. आयोडीनची खरी ॲलर्जी असलेल्यांना आणि डर्मेटायटिस हर्पेटिफॉर्मिस या त्वचारोगासारखे काही विरळ आजार असलेल्यांना ते देऊ नये; ज्यांची थायरॉइड अतिसक्रिय आहे किंवा गाठी असलेली आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधीच, शांततेच्या काळात, घेऊन ठेवावा. मासे किंवा कोळंबी सोसत नाही म्हणजे आयोडीनची ॲलर्जी आहे, असा समज मात्र चुकीचा आहे. मूत्रपिंडाचे रुग्ण पोटॅशियमच्या नावाने घाबरतात. १३० मिलिग्रॅमच्या मात्रेत पोटॅशियम केवळ ३० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आणि गोळी मिळाली नाही म्हणून आयोडीनयुक्त मीठ खाऊन काम भागेल, ही अफवा प्रत्येक वेळी नव्याने उठते. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या मिठातून १०० मिलिग्रॅम मिळवायचे तर तीन किलोहून अधिक मीठ खावे लागेल. त्याआधी मिठानेच माणूस दगावेल. जखमेवर लावायचे टिंक्चर पिणेही तितकेच घातक आहे.

साठवणुकीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण पोटॅशियम आयोडाइड मुळात टिकाऊ आहे. त्याचे शत्रू ओल, उजेड आणि उष्णता. साधारण २५ अंश सेल्सियसच्या आत, कोरड्या जागी, ॲल्युमिनियमच्या बंद पट्टीत ठेवलेली गोळी वर्षानुवर्षे चांगली राहते. फ्रिजची गरज नाही. उलट फ्रिजमधून आत-बाहेर करताना पाकिटावर दव धरते. मोटारीत पाकीट ठेवण्याचा सल्ला देऊ नका, बंद मोटार तापते. एका शाळेत मी साठा हात धुण्याच्या बेसिनखालच्या कपाटात पाहिला. जागा रिकामी होती म्हणून. गोळ्या पिवळट-तपकिरी पडलेल्या दिसल्या तर आयोडीन मोकळे होऊ लागले आहे असे समजावे आणि तो साठा बदलावा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मुदतीचे, उत्तर यालाच जोडून आहे. मुदतीची तारीख ही उत्पादकाने दिलेली हमी असते. त्या मध्यरात्री गोळी निकामी होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये सरकारी साठ्यांसाठी अशी पद्धत घालून दिली की योग्य तापमानात ठेवलेल्या गोळ्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून त्यांची मुदत वाढवता येते. जुन्या गोळ्यांत औषधाचे प्रमाण सहसा टिकून असते; काही वेळा गोळी घट्ट होऊन उशिरा विरघळते, आणि तेव्हा ती कुटून पाण्यात देता येते. तुमच्याकडे औषध नियामकांमार्फत असा मार्ग आहे का, हे आजच लेखी विचारा, कारण तपासणीला महिने लागतात. भांडारातील तापमानाच्या नोंदी नसतील तर मुदतवाढ मिळणे अवघड आहे; नोंदवही नसेल तर ती आजपासून सुरू करा. घरी दिलेल्या गोळ्यांना मात्र मुदतवाढीचा विचारही करू नका. त्या कुठे ठेवल्या गेल्या हे आपल्याला ठाऊक नसते आणि पाकिटावर जुनी तारीख पाहून लोक त्या फेकून देतात. तिथे सरळ बदलून द्यावे.

दोन गोष्टी मी स्वतः ठेच लागून शिकलो. पहिली, नवा साठा प्रत्यक्ष हाती येईपर्यंत जुना नष्ट करू नये. एकदा आम्ही नियमाप्रमाणे जुन्या पेट्या नष्ट केल्या आणि नव्या खरेदीला चार महिने उशीर झाला. ते चार महिने एवढ्या मोठ्या वस्तीसाठी भांडारात एकही गोळी नव्हती. दुसरी, सगळी खरेदी एकाच वर्षी करू नये. तीन भागांत, दोन-दोन वर्षांच्या अंतराने केली तर सगळ्या गोळ्यांची मुदत एकदम संपत नाही. जगात या औषधाचे उत्पादक मोजके आहेत. मार्च २०११ मध्ये जपानपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या अमेरिकेतही दुकानांतल्या गोळ्या संपल्या होत्या आणि २०२२ मध्ये युक्रेनमधील झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या बातम्यांनंतर युरोपातल्या अनेक देशांत औषध दुकानांपुढे गर्दी झाली. गरज पडल्यावर बाजारातून घेऊ, असे धरून चालणाऱ्याला त्या वेळी बाजारात काहीही मिळत नाही.

आदेशाबद्दल एकच मुद्दा, पण तो लिहून घ्या. गोळी घेण्याचा आदेश कोण देणार, ती व्यक्ती सापडली नाही तर कोण देणार, आणि त्याचे शब्द काय असतील, हे तिन्ही आधी मंजूर करून ठेवा. संदेशात किती गोळ्या, कोणी, कधी, आणि 'गोळी शोधण्यासाठी किंवा आणण्यासाठी स्थलांतर लांबवू नका' हे वाक्य असलेच पाहिजे. १२ जानेवारी २०२० रोजी कॅनडातल्या ऑंटारिओमध्ये पिकरिंग अणुवीज केंद्राबाबतचा एक इशारा चुकून सर्वांच्या फोनवर गेला आणि पुढच्या दोन दिवसांत हजारो लोकांनी गोळ्यांची मागणी नोंदवली. काहीही घडले नव्हते, तरी मागणी उसळली. म्हणजे त्या दिवसापर्यंत अनेकांच्या घरी गोळ्या नव्हत्या.

या गोळीकडून जास्तीची अपेक्षा ठेवू नये, हेही लोकांना सांगावे लागते. ती केवळ थायरॉइडला आणि केवळ किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते. सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्यावर तिचा काही उपयोग नाही, बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवरही नाही. सीझियमसाठी प्रशियन ब्लू हे औषध आहे. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये झालेल्या दुर्घटनेत ४६ जणांना ते दिले गेले. परंतु ते शरीरात सीझियम गेल्याचे मोजमापाने कळल्यावर रुग्णालयात, देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. ते घरोघर वाटण्याची मागणी तुमच्याकडेही येईल. तिला नम्रपणे नकार द्या.

आपत्कालीन औषध म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर हीच गोळी येते, आणि मी स्वतःही अनेक वर्षे तेवढ्याच चौकटीत विचार केला. फुकुशिमातून बाहेर काढलेल्यांपैकी अनेकांना प्रत्यक्षात तुटवडा भासला तो रोजच्या औषधांचा. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, थायरॉइड कमी असल्याच्या गोळ्या घरीच राहिल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मिळेनाशा झाल्या. म्हणून आयोडाइडच्या पाकिटासोबत मी आता एक रिकामे कार्ड देतो, त्यावर घरातील प्रत्येकाच्या रोजच्या औषधांची नावे आणि मात्रा लिहायच्या असतात. पाकीट शोधताना ते कार्ड हाती येते. माझ्या पाहणीत निम्म्याहून अधिक घरांत कार्ड कोरेच असते, तरी मी ते देणे सोडलेले नाही.

तुमच्या प्रश्नातून दोन गोष्टी कळल्या नाहीत: ५ किलोमीटरच्या आत किती शाळा आणि किती खाटांची रुग्णालये आहेत, आणि संध्याकाळी सहानंतर भांडाराची किल्ली कोणाकडे असते. हे दोन आकडे मिळाले तर पेट्यांची विभागणी गावनिहाय मांडून दाखवता येईल. दुसऱ्याची चौकशी करताना किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना फोनवर विचारू नका. संध्याकाळी सातला स्वतः जाऊन कुलूप उघडायला सांगा आणि घड्याळ लावा.